ताजच्या नृत्यदालनातील दोन दशके: मिकी कोरेया आणि मुंबईचा स्विंग

#थ्रेड

१/
मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागातून लग्नसराईत वरात निघाली की वाहतूक थबकते. बँडवाले पुढे, घोडा मागे. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटच्या गर्दीत एखाद्याच्या गळ्यात वाकड्या मानेचे सोनेरी वाद्य दिसते आणि त्यावर पन्नासच्या दशकातले एखादे चित्रपटगीत वाजू लागते. हे वाद्य त्या गाण्यात शिरले कसे? उत्तरासाठी पश्चिम रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, चर्चगेटच्याही पुढे, अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलच्या नृत्यदालनात जावे लागते.

२/
त्या दालनात १९३९ पासून साधारण १९६० पर्यंत एका सॅक्सोफोनवादकाचा बँड वाजत होता. त्याचे नाव मिकी कोरेया. गोवन कुटुंबात १९१३ साली पूर्व आफ्रिकेतील मोंबासा येथे जन्म, कराचीत वाढ आणि मुंबईत कारकीर्द. शहरातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या व्यासपीठावर दोन दशके टिकलेला हा कलावंत आज मुंबईच्या इतिहासात क्वचितच भेटतो. असे का झाले, हाच या थ्रेडचा विषय. उत्तर शोधताना कलेबरोबरच मजुरी, स्थलांतर आणि श्रेयनामावलीचाही विचार करावा लागतो.

३/
आधी वाद्याविषयी. बेल्जियन वाद्यकार अडॉल्फ सॅक्स यांनी सॅक्सोफोन घडवला आणि १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी या वाद्याची गणना काष्ठवाद्यांत होते, कारण स्वर उमटतो तो वेताच्या पातळ पट्टीच्या कंपनातून. सनईत अशाच दोन पत्त्या एकमेकींवर कंप पावतात, सॅक्सोफोनमध्ये एकच. प्रारंभी हे वाद्य मुख्यतः लष्करी बँडांत वाजे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी त्याला माणसाच्या आवाजासारखे बोलायला, कुजबुजायला आणि ओरडायला शिकवले.

४/
आता स्विंग. जॅझची ही शैली १९३० च्या दशकात बहरली आणि तिचा जन्म नृत्यासाठी झाला. एका मात्रेचे दोन भाग स्वरलिपीत समान लिहिलेले असतात; वाजवताना मात्र पहिला लांबतो, दुसरा आखडतो. चार मात्रांच्या चालीला त्यामुळे झोका मिळतो. किती लांबवायचे, किती आखडायचे, हे कागदावर लिहिता येत नाही. ख्यालातील मींड जशी पुस्तकातून शिकता येत नाही, तसेच हे. कानावर पडल्याखेरीज स्विंग अंगी येत नाही. मुंबईच्या कथेत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

५/
स्विंगचा मोठा बँड म्हणजे शिस्तबद्ध फौज. एका बाजूला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, मागे पियानो, डबल बेस, गिटार आणि ड्रम, तर पुढच्या रांगेत चार-पाच सॅक्सोफोन. या पुढच्या रांगेची कसोटी एकच: सगळ्यांनी मिळून एकाच श्वासात वाजवल्यासारखे वाटले पाहिजे. रांगेचे नेतृत्व बहुधा ऑल्टो सॅक्सोफोनकडे असे. बहुतेक सॅक्सोफोनवादक क्लॅरिनेटही वाजवत आणि एकाच गाण्यात वाद्य बदलत. कोरेया या दोन्ही वाद्यांचे वादक होते.

६/
अमेरिकेत स्विंगयुगाचा आरंभ बहुधा २१ ऑगस्ट १९३५ ही तारीख धरून सांगतात. त्या रात्री लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडने तरुणांना वेड लावले. नंतरची दहा वर्षे स्विंग हेच अमेरिकेचे लोकप्रिय संगीत होते. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी आणि ग्लेन मिलर ही त्या काळची घराघरांतली नावे. ही लाट मुंबईपर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्या आणि चित्रपट यांच्याद्वारे पोहोचलीच. शिवाय त्याच वर्षी ती आगबोटीने, हाडामांसाच्या माणसांच्या रूपातही आली.

७/
ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. मोठ्या हॉटेलांत भोजनासोबत नृत्य ही युरोपीय रीत होती आणि त्यासाठी बँड लागत. हे काम पुष्कळदा युरोपीय वादकांकडे जाई. केन मॅक यांच्यासारख्या अँग्लो-इंडियन बँडप्रमुखांनीही नाव कमावले होते. या संगीताला ‘जॅझ’ म्हणत. पण त्याचे स्वरूप बव्हंशी सौम्य नृत्यसंगीताचे होते. फॉक्सट्रॉट वाजत होता, वॉल्ट्झ वाजत होता. त्या खास झोक्याचा सराव मात्र अजून कोणाच्या कानाला नव्हता.

८/
१९३५ च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये दाखल झाले. असा बँड मुंबईच्या बड्या हॉटेलात प्रथमच वाजत होता. त्यांच्यामागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. रूडी जॅक्सन हे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनचे वादकही आले. १९२७ च्या सुमारास जॅक्सन खुद्द ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये होते. म्हणजे एलिंग्टनच्या रांगेत बसलेला माणूस मुंबईत, हाकेच्या अंतरावर, रोज रात्री वाजवत होता.

९/
हे कलावंत इतक्या दूर का आले? अमेरिकेत जिथे ते वाजवत, त्याच हॉटेलच्या पुढच्या दाराने त्यांना पुष्कळदा आत जाता येत नसे. पॅरिस, शांघाय, मुंबई आणि कोलकाता या शहरांत काम मिळे, पैसा मिळे आणि मानही अधिक मिळे. यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जी मुंबई स्वतः परकीय सत्तेखाली होती, जिथे गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता, तीच मुंबई या पाहुण्यांना मायदेशापेक्षा मोकळी वाटली. वेदरफोर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ मध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचे निधन झाले.

१०/
या काळाची एक खूण तबकडीवर उरली आहे. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ यांच्या ‘सिम्फोनियन्स’ या बँडने ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट ध्वनिमुद्रित केला. त्याचे संगीतकार होते मुंबईतील बगदादी ज्यू समाजातले मेना सायलस. बगदादी ज्यू संगीतकार, आफ्रिकन-अमेरिकन वादक, पारशी उद्योगपतीने बांधलेले हॉटेल आणि नावाला मुघल वास्तू. त्या दशकातली मुंबई समजून घ्यायला ही एक तबकडी पुष्कळ काही सांगते.

११/
या पाहुण्यांकडून सर्वाधिक शिकले ते गोवन वादक. त्यामागे शतकांची तयारी होती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू प्रार्थनासंगीताचा, परंतु हाती आले ते उपजीविकेचे साधन. ब्रिटिश हिंदुस्थानात स्वरलिपी वाचू शकणाऱ्या वादकांची गरज लष्करी बँडांना होती, मूकपटगृहांना होती, हॉटेलांनाही होती. गावाकडे जमीन थोडी आणि रोजगार त्याहून थोडा. म्हणून गोव्याचा वादक बाहेर पडला.

१२/
बाहेर म्हणजे फक्त मुंबईला नव्हे. कराची, लाहोर, कोलकाता, रंगून, नैरोबी, मोंबासा अशा ठिकाणी आगबोट आणि आगगाडी जाई, तिथे गोवन कारकून, स्वयंपाकी, शिंपी आणि वादकही जात. कोरेया कुटुंब या मोठ्या स्थलांतराचाच एक धागा. मिकींचा जन्म मोंबासाचा आणि बालपण कराचीचे. गोव्यात राहूनच गोवन संगीतपरंपरा मिळते, हा समज त्यांच्या चरित्राने खोटा ठरतो. ती परंपरा पेटीत घडी करून नेता येण्यासारखी होती आणि माणसे ती तशी नेत.

१३/
कराचीत ‘कोरेया ऑप्टिमिस्ट्स’ या कुटुंबाच्या नावाने चालणाऱ्या बँडमधून मिकी पुढे आले. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराची हे मुंबई इलाख्यातलेच शहर होते. दोन्ही बंदरांमध्ये माणसांची ये-जा सततची. त्यामुळे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिकी मुंबईला आले, तेव्हा त्यांनी परदेश गाठला नव्हता. एका ओळखीच्या बंदरातून ते दुसऱ्या, मोठ्या बंदरात आले होते. दहा वर्षांनंतर हाच प्रवास दोन राष्ट्रांमधला होणार होता.

१४/
मुंबईत गोवन वादकांची वस्ती होती धोबी तलाव, काव्हेल आणि माझगाव या भागांत. गावोगावच्या लोकांनी चालवलेली ‘कूड’ नावाची वसतिस्थाने नव्याने आलेल्याला डोक्यावर छप्पर देत. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गिरगावात प्रा. बी. आर. देवधरांचे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक होते. एकीकडे बंदिशी आणि ताना, दुसरीकडे कोरल आणि फॉक्सट्रॉट. मैलभराच्या टापूत दोन संगीतविश्वे नांदत होती आणि अजून त्यांची पुरती ओळख झालेली नव्हती. ती ओळख पुढे चित्रपटांनी करून दिली.

१५/
१९३९ साल. ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी ‘बॉडी अँड सोल’चे ते प्रसिद्ध ध्वनिमुद्रण केले, सॅक्सोफोनच्या इतिहासातला तो मैलाचा दगड. सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले होते. समुद्रमार्ग धोक्याचे झाल्यामुळे युरोप-अमेरिकेतून नवे बँड आणणे अवघड होऊन बसले. याच वर्षी ताजच्या बँडची सूत्रे मिकी कोरेया यांच्या हाती आली. तेव्हा ते जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. त्या हॉटेलचे नृत्यदालन यापुढे दोन दशके एका गोवन वादकाच्या इशाऱ्यावर थिरकणार होते.

१६/
हॉटेलच्या बँडप्रमुखाचे काम नेमके काय असते? वादक निवडणे, त्यांना वेळेवर हजर ठेवणे, सराव घेणे. छापील बांधणी हाताशी असलेल्या वादकांना पुरेशी नसेल तर ती कापून-जोडून नव्याने लिहिणे. नवी तबकडी आली की ती ऐकून स्वरलिपी उतरवणे. दालनाकडे पाहून ठरवणे, की आता वॉल्ट्झ हवा की क्विकस्टेप. वयस्कर जोडपी खुर्चीवर बसली तर लय उतरवणे. तरुण उठले तर चढवणे. आणि हे सगळे स्वतः सॅक्सोफोन वाजवत असताना.

१७/
युद्धकाळात मुंबई ही दोस्त राष्ट्रांच्या सैन्याची मोठी छावणी बनली. ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिक सुट्टीवर येत, त्यांना घरचे संगीत हवे असे आणि १९४० च्या दशकात ते घरचे संगीत म्हणजे स्विंगच होते. आघाडीवर जाणाऱ्या कित्येक तरुणांनी अखेरचे नृत्य मुंबईच्या एखाद्या दालनात केले असणार. बँडने मात्र प्रत्येक रात्री सारख्याच उत्साहाने वाजवायचे. आनंद निर्माण करणे हाच ज्यांचा रोजगार, त्यांना दुःखाची सुट्टी नसते.

१८/
१४ ऑगस्ट १९४७. ताजच्या नृत्यदालनात स्वातंत्र्याचा सोहळा होता. आळीपाळीने वाजवायला दोन बँड होते: एक मिकी कोरेया यांचा, दुसरा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा. चिक म्हणजे बार्देशातील हळदोणे गावचे अँतोनियो झेवियर वाझ. मुंबईकर त्यांना ‘हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. दिल्लीत संविधान सभेत मध्यरात्रीचे भाषण झाले, तेव्हा अपोलो बंदरावर स्विंगच्या तालावर नव्या देशाचे स्वागत होत होते. स्वातंत्र्याचे संगीत आठवताना त्या रात्रीचा सॅक्सोफोन आपल्याला सहसा आठवत नाही.

१९/
त्याच मध्यरात्री कराची ही दुसऱ्या देशाची राजधानी झाली. ज्या शहरात मिकी वाढले, तिथल्या गल्ल्या आता सीमेपलीकडच्या होत्या. गोवन वादकांच्या पिढीला फाळणी अशी भेटली. लाहोरात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत आले आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे प्रमुख अरेंजर झाले. फाळणीच्या इतिहासात शेतकरी, व्यापारी, लेखक यांची नोंद होते. कराची आणि लाहोरच्या बंद झालेल्या बँडस्टँडची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही.

२०/
अमेरिकेत स्विंगयुग १९४६ च्या सुमारास संपले. त्या वर्षाच्या अखेरीस अनेक नामवंत बँडप्रमुखांनी आपले मोठे बँड मोडले. खर्च परवडेना, श्रोते गायकांकडे वळले आणि तरुण वादक बीबॉपकडे. मुंबईत मात्र कोरेया यांचा बँड आणखी जवळजवळ पंधरा वर्षे टिकला. याचे एक मोठे कारण व्यवस्थेत आहे. अमेरिकी बँड गावोगाव दौरे करून पोट भरत. मुंबईचा बँड एका हॉटेलच्या पगारावर उभा होता. जोवर हॉटेलला नृत्य हवे होते, तोवर तो उभा राहिला.

२१/
या पगारालाही धक्के बसले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांच्या रात्री कोरड्या पडल्या. मद्याच्या विक्रीतून बँडचा खर्च भागवणाऱ्या अनेक छोट्या ठिकाणांची घडी मोडली. दुसरीकडे ब्रिटिश गिऱ्हाईकही मायदेशी परतले होते. उत्पन्नाच्या या दुहेरी आटण्यामुळे शहरातल्या वादकांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता जायचे कुठे? उत्तर दादर, परळ, ताडदेव आणि महालक्ष्मीच्या बाजूला होते. तिथे चित्रपटांचे स्टुडिओ होते.

२२/
इथे मराठी माणसाचा प्रवेश होतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटगीतांत स्विंग आणि लॅटिन ताल मोकळ्या हाताने वापरले. ‘शहनाई’, ‘समाधी’ आणि ‘अलबेला’ हे चित्रपट त्याचे पुरावे. त्यांचे सहायक होते चिक चॉकलेट. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये चिक आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात, नायक भगवानदादा. हॉटेलच्या बंद दाराआडचे संगीत भगवानदादांच्या पावलांवरून गिरगाव-लालबागच्या गणेशोत्सवापर्यंत पोहोचले, ते असे.

२३/
मेहनतीची विभागणी अशी होती: संगीतकार चाल बांधत, गोवन अरेंजर त्या चालीभोवती वाद्यांचे स्वर लिहीत, शेकडो वादक ते वाजवत. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव मोठे, अरेंजरचे असलेच तर छोटे आणि वादकाचे नाहीच. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशाला ठाऊक झाले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. संगीतकार प्यारेलाल यांनी गुरूंना दिलेली ती मानवंदना. गंमत म्हणून ते नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते खऱ्या माणसाचे आहे, हे माहीतच नव्हते.

२४/
तुलनेसाठी मनोहारी सिंग यांचे उदाहरण घेऊ. कोलकात्याच्या हॉटेलांत वाजवणारा हा सॅक्सोफोनवादक १९५० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आला आणि चित्रपटगीतांचा आवाजच बनला. १९६९ च्या ‘आराधना’तल्या ‘रूप तेरा मस्ताना’मधला सॅक्सोफोन त्यांचाच. तो आजही कोणालाही क्षणात ऐकता येतो. एका वादकाचे काम तबकडीवर गेले म्हणून टिकले. दुसऱ्याने आयुष्याची उमेदीची वर्षे समोर नाचणाऱ्यांसाठी वाजवली आणि ती हवेत विरली. दोघांच्या स्मृतीत एवढे अंतर का पडले, याचे स्पष्टीकरण गुणवत्तेत शोधू नये. ध्वनिमुद्रणाच्या अर्थकारणात ते सहज सापडते.

२५/
हिशेब करून पाहा. वीस वर्षे म्हणजे सात हजारांहून अधिक रात्री. सगळ्याच रात्री बँड वाजला नसेल. तरी हजारो मैफली झाल्या. अशा रात्री ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची कल्पनाही तेव्हा कोणाला नव्हती. शिवाय नर्तकांसाठी वाजवणाऱ्याचे यशच असे असते, की लोक त्याच्याकडे पाहत नाहीत; ते एकमेकांकडे पाहतात. बँड उत्तम वाजला तर संध्याकाळ सुंदर गेली असे म्हणतात, बँड आठवत नाहीत. मिकी कोरेया यांच्या विस्मरणाचे मूळ त्यांच्या यशातच आहे.

२६/
१९६० च्या सुमारास त्यांची ताजमधली कारकीर्द संपली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. तरुणांच्या कानांत आता रॉक अँड रोल होता आणि हॉटेलांना दहा-बारा वादकांऐवजी चार-पाच पुरेसे वाटू लागले. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखे पुढच्या पिढीचे सॅक्सोफोनवादक बीबॉपकडे आणि भारतीय रागांशी जॅझ जोडण्याच्या प्रयोगांकडे वळले. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. श्रोते आता खुर्चीत बसून ऐकू लागले. जॅझला कलेचा दर्जा मिळाला. मात्र तोवर नृत्याचा जॅझ इतिहासजमा झाला होता.

२७/
मग अशा माणसाचा इतिहास लिहायचा कशावरून? पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या पुस्तकात मुंबईच्या जॅझयुगाचा शोध घेतला आणि अनेक विस्मृत वादकांना नाव मिळवून दिले. अशा शोधाची साधने अभिलेखागाराच्या बाहेरही पसरलेली असतात: वृत्तपत्रांतल्या हॉटेलांच्या जाहिराती, भोजनपत्रिका, बँडचे समूहचित्र, हाताने उतरवलेल्या स्वरलिपीचे कागद, वृद्ध वादकांच्या आठवणी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे कागद रद्दीत जाण्यापूर्वी पाहायला हवेत. मुंबईची दमट हवा आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाहीत.

२८/
मिकी कोरेया यांचे २०११ मध्ये निधन झाले, शंभरीला अवघी दोनेक वर्षे उरली असताना. मोंबासा, कराची आणि मुंबई ही त्यांच्या आयुष्यातली तिन्ही बंदरे त्यांच्या जन्मावेळी एकाच साम्राज्यात होती. मृत्यूच्या वेळी तीन वेगवेगळ्या देशांत. त्यांची कन्या क्रिस्टीन कोरेया या न्यूयॉर्कमधील जॅझ गायिका असून पियानोवादक रॅन ब्लेक यांच्यासह त्यांचे अनेक ध्वनिमुद्रित संग्रह आहेत. ज्या देशातून १९३५ मध्ये हे संगीत आगबोटीने मुंबईला आले, त्याच देशात मुंबईच्या एका बँडप्रमुखाची मुलगी ते आज गाते आहे.

२९/
धोबी तलाव आणि काव्हेलची गोवन कुटुंबेही जागेच्या शोधात उत्तरेकडे सरकली: वांद्रे, मालाड, मीरा रोड, वसई. सिल्व्हर पार्कच्या वरातीत सॅक्सोफोन घेऊन उभा असलेला वादक कोण, हे आपण सहसा विचारत नाही. त्याचेही काम तेच आहे: लोकांनी नाचावे, आनंद करावा आणि घरी जाताना बँडला विसरून जावे. पुढच्या वेळी वरात अडली तर दोन मिनिटे थांबून त्याचे नाव विचारायला हरकत नाही. मिकी कोरेया यांच्या पिढीला ते विचारणारे फार थोडे भेटले.

(समाप्त)